आठ थाऊची फट

छप्पन सालच्या सप्टेंबरात आमच्या ऑफिसात रोज एक नवी यादी लागायची. मध्यभारत मोडून मोठा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळ, एक नोव्हेंबरपासून, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. कोण जाणार, कोण राहणार, कुणाची खुर्ची कुठे लागणार, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचो. यादी लागली असं कुणी म्हणालं की पेन टाकून व्हरांड्यात पळायचं, नाव नाही म्हणून परत यायचं, आणि अर्ध्या तासानं आपण नीट पाहिलं नसेल म्हणून पुन्हा जायचं. नाव नसलं तरी धसका, असलं तरी धसका. तेरा तारखेला माझं नाव आलं. य. भ. दिघे, ड्राफ्ट्समन, भोपाळ.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी गाडीचं इंजिन उघडायला घेतलं.

गाडी वडिलांची. त्यांना सगळं गाव भय्यासाहेब म्हणायचं, आम्हीही. ग्वाल्हेर संस्थानात ते महसुलात होते, आणि अडतीस साली त्यांनी ही आठ हॉर्सपॉवरची मॉरिस घेतली होती. संस्थान गेलं, भय्यासाहेब पेन्शनीत निघाले, गाडी राहिली. आता ती पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त प्यायची आणि मागून असा निळा धूर सोडायची की उज्जैनच्या फ्रीगंज बाजारात दुकानदार आम्ही दिसायच्या आधीच "दिघेसाहब आ रहे हैं" म्हणायचे.

मी ठरवून टाकलं की भोपाळला जायचं ते याच गाडीतून, आणि धूर न सोडता. मी आणि अहल्या, म्हणजे माझी बायको, भोपाळला. धाकटी बहीण सुलू इथे मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, ती भय्यासाहेबांजवळ उज्जैनला. गाडी माझ्याबरोबर. सगळं पक्कं. यातलं मी कुणालाही विचारलं नव्हतं.

"आत्ताच कशाला उघडून बसलात?" अहल्या परसातल्या पत्र्याच्या शेडपाशी येऊन म्हणाली. "सामान बांधायचं सोडून?"

"सामान काय, दोन दिवसांत बांधून होतं."

"मग निदान नटबोल्ट धुवायला घेतलेलं माझं रॉकेल तरी सोडा. स्टोव्ह कोरडा पडलाय."

खरं सांगायचं तर हाताला काहीतरी काम हवं होतं. घरात बसलो की पाय हलायला लागायचा. जेवताना मध्येच उठून मी दारापर्यंत जाऊन यायचो. भोपाळला घर मिळेल का, साहेब कोण असेल, माझ्यावर कुणाला बसवतील, हे डोक्यात गरगरत राहायचं. नटबोल्ट सोडवताना तेवढा वेळ बरं वाटायचं.

सुलूनं भैरवगढची एक जुनी विटकी चादर आणून दिली. तिच्यावर मी एकेक भाग मांडत गेलो. चार दिवसांत चारही पिस्टन बाहेर आले. प्रत्येकाच्या अंगावर तीन रिंगा. बांगडीसारख्या, पण एका जागी तुटलेल्या, म्हणजे फट असलेल्या. वरच्या दोन स्फोटाचा जोर खाली निसटू देत नाहीत आणि तिसरी भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली पाठवते. आमच्या बारा रिंगांपैकी दोन खाचेतच चिकटल्या होत्या, बाकीच्या झिजून सैल.

देवास गेटच्या गॅरेजातले शकूर मिस्त्री शुक्रवारी दुपारी येऊन गेले. त्यांनी एकेका सिलिंडरमध्ये बोट घालून भिंतीवरून फिरवलं, डोळे मिटून, नाडी पाहावी तसं.

"बोर करवाने की जरूरत नहीं," ते म्हणाले, म्हणजे सिलिंडर आतून कोरून मोठा करायला नको. "ऊपर थोड़ा घिसा है. नई रिंगें डाल दो. गॅप आठ थाऊ रखना, साहब. और रिंग को नीचे बिठाके..."

तेवढ्यात ऑफिसातला शिपाई दारात आला, दुसरी यादी लागलीय म्हणून. मी सायकल काढून पळालो. मिस्त्रींचं पुढचं वाक्य मी ऐकलंच नाही. यादी दुसऱ्याच खात्याची होती.

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तो मोजायला माझ्याकडे फीलर होतं, पोलादाची पातळ पातळ पानं, प्रत्येकावर जाडीचा आकडा. रिंग सिलिंडरमध्ये घालायची, पिस्टन उलटा धरून तिला सरळ ढकलायची, आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत पान सरकवून बघायचं. फट मोठी असली तर जोर निसटतो. लहान असली तर रिंग तापून फुगते तेव्हा तिला जागा राहत नाही.

फ्रीगंजातल्या दुकानदारानं स्टँडर्ड मापाचा संच दिला. "नेऊन बघा, नाही बसला तर परत आणा," म्हणाला. मी एक रिंग सिलिंडरच्या तोंडाशी, वरच, बसवून पाहिली. वीस थाऊ! आठ कुठे आणि वीस कुठे. मला वाटलं, हा मला बनवून राहिला. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून बसनं इंदूर गाठलं आणि दहा थाऊ मोठ्या मापाच्या रिंगा घेऊन आलो. मोठ्या रिंगा टोकांशी कानशीनं घासून बरोब्बर बसवायच्या, म्हणजे प्रश्नच मिटला. स्टँडर्डचा संच मी दुकानात परत टाकला.

दसऱ्याला आठ दिवस राहिले होते. रोज ऑफिसातून आल्यावर मी घासायला बसायचो. एक रिंग घासायची, सिलिंडरच्या तोंडाशी बसवायची, मोजायची, पुन्हा घासायची. मधून मधून उठून अंगणात फेऱ्या. त्या दिवसांत मी कुणाशी धड बोललो नसेन.

एका संध्याकाळी सुलू वह्या तपासता तपासता शेडमध्ये आली आणि बघत उभी राहिली.

"दादा, तू वरच का मोजून राहिलास?"

"स्फोट वरच होतो. जोर तिथेच असतो."

"पण रिंग खाली पण जाते ना?"

"जाते की."

"मग खालची मोज ना." ती वाकली, रिंगेवर पिस्टन ठेवला आणि ती हळूहळू तळाकडे ढकलली. आठ थाऊचं पान जाईना. चारचं जाईना. सगळ्यांत पातळ पान पण जाईना. "बघ. टोकाला टोक भिडलंय. वर भिंत झिजलीय म्हणून तिथे जागा आहे. खाली भिंत आहे तशीच आहे. व्यास एक थाऊनं कमी झाला तर परीघ तीन थाऊनं कमी होतो. वरची आठ थाऊची फट खाली पार संपते."

तिचं म्हणणं मला त्याच क्षणी पटलं होतं, हे आज मी कबूल करतो. पण पटलं म्हणजे बाराच्या बारा रिंगा बाद, इंदूरची फेरी फुकट, आणि दसरा हुकला. आणि आपल्याला इंजिन कळतं, हा माझा एकच आधार उरला होता त्या महिन्यात.

"तू पोरींना त्रैराशिक शिकव," मी म्हणालो. "इंजिन मला कळतं."

सुलूनं हात पुसले, वह्या उचलल्या आणि गेली. तिच्या एका वहीच्या पुठ्ठ्यावर माझ्या कानशीचा काळा डाग पडला होता.

पिस्टन आत घालताना पत्र्याची पट्टी आवळून रिंगा दाबल्या, हातोड्याच्या दांड्यानं एकेक ठोकून उतरवला. सगळं बांधून इंजिन चालू करायचं हँडल पुढून लावून फिरवलं तर ते फिरेचना. पाय रोवून दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा कसंबसं फिरलं, आणि दर अर्ध्या फेऱ्याला अडखळायचं. नव्या रिंगा घट्टच असतात, मी स्वतःला सांगितलं. अहल्या दारात उभी होती. तिलाही तेच सांगितलं. तिनं विचारलं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी उतारावर ढकलून गाडी चालू झाली. आणि धूर नाही! मी मागे जाऊन वाकून पाहिलं, पुढे आलो, पुन्हा मागे गेलो. धुराची एक रेघही नाही. अहल्यानं पूजा केली, झेंडूची माळ घातली. भय्यासाहेब रामघाटावरून स्नान करून आले होते. त्यांनी बंद गळ्याचा कोट चढवला, काळी टोपी घातली आणि पुढच्या सीटवर येऊन बसले.

"देवासपर्यंत जाऊन येऊ," मी म्हणालो. "सुलू, चल."

"मी नाही येत."

"चल गं," भय्यासाहेब म्हणाले. "सीमोल्लंघन आहे." तेव्हा ती मागे बसली. अहल्या सोनं द्यायला येणाऱ्यांसाठी घरी थांबली.

पहिले चार मैल फार चांगले गेले. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, आणि त्या महिन्यात पहिल्यांदा मला कुठली यादी आठवली नाही. मी थोडा वेग वाढवला. मग इंजिनाचा आवाज जाड झाला. आधी मला वाटलं चढ लागलाय, पण रस्ता सपाट होता. पायाखालून तापलेल्या लोखंडाचा वास यायला लागला. सुलू मागून एवढंच म्हणाली, "दादा." मी न ऐकल्यासारखं केलं. नरवर गाव पुढे दिसत होतं आणि मला तिथवर पोचायचं होतं. कशासाठी, कोण जाणे.

कडकन आवाज झाला. इंजिन जागच्या जागी जाम झालं, मागची चाकं घासत गेली आणि गाडी रस्त्याच्या कडेला आडवी थांबली.

मी बॉनेट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. हँडल लावून लटकलो, ते हललं नाही. भय्यासाहेब सावकाश उतरले, टोपी सारखी केली आणि कडुलिंबाखाली जाऊन बसले. नरवरहून बैल आणायला एका वाटसरूला सांगितलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही, आणि तेच मला सहन होईना. गाडीपासून झाडापर्यंत आणि झाडापासून गाडीपर्यंत मी येरझाऱ्या घालायला लागलो.

"बस ना जरा," सुलू म्हणाली.

"कसा बसू? पंधरा दिवस राहिले. मला एक तारखेला भोपाळला हजर व्हायचंय. तुला काय, तू इथेच आहेस."

"मी इथे नाहीये," सुलू म्हणाली.

मी थांबलो.

"माझी पण ऑर्डर आलीय. आठ तारखेला. शाजापुरला, मुलींच्या मिडल स्कूलची हेडमिस्ट्रेस."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"केव्हा सांगणार होते? तू उभा राहतोस कुठे? तू भोपाळचं सगळं ठरवलंस. मी इथे राहणार, हे पण तूच ठरवलंस. एकदा तरी विचारलंस?" तिचा आवाज चढला नव्हता, पण पदराचं टोक ती बोटाला घट्ट गुंडाळत होती. "मी तरी कुठे धीट आहे. रोज वाटायचं आज नकार लिहून पाठवावा. भय्यासाहेबांना कोण बघेल म्हणून. कागद काढायचे आणि ठेवून द्यायचे."

मला रागही आला आणि लाजही वाटली, आणि कुठली आधी ते कळेना.

"पत्र पोस्टमननं माझ्याच हातात दिलं होतं," झाडाखालून भय्यासाहेब म्हणाले. आम्ही दोघंही वळलो. "सरकारी लिफाफा मला ओळखू येत नाही काय? वाट बघून राहिलो होतो, की दोघांपैकी कोणी तरी म्हाताऱ्याला विचारेल."

"तसं नाही, भय्यासाहेब," मी म्हणालो.

"तसंच आहे. मी काय ट्रंक आहे, की हा इथे ठेवू की तिथे ठेवू? एकदा राज्य बुडालं तेव्हा मला कोणी विचारलं नाही, ते ठीक. तेव्हा विचारणारे लांबचे होते. तुम्ही तर घरातले. शाजापुरला मी नायब तहसीलदार होतो. तुझा जन्म व्हायच्या आधी. तिथली हवा मला मानवते. मी सुलूबरोबर जाईन."

"आणि भोपाळ?" मला एकाएकी वाईट वाटलं. आतापर्यंत त्यांना भोपाळला न्यायचा विचार माझ्या मनातही आला नव्हता.

"भोपाळला तू जा. तू तुझंच सांभाळ आधी."

बैल आले तेव्हा दुपार झाली होती. दोरखंड बांधून त्यांनी गाडी ओढायला सुरुवात केली. मी स्टिअरिंग धरून, सुलू मागे, भय्यासाहेब पुढे ताठ बसलेले. सणाचे कपडे घालून देवीला निघालेले लोक बाजूला होऊन बघायचे. काही ओळखीचे निघाले. भय्यासाहेब प्रत्येकाला हात जोडून "राम राम" करत होते, जणू बैल जोडून जाणं हीच दसऱ्याची रीत. मला मात्र तो रस्ता संपेना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तो थेट सुलूच्या खोलीत गेलो.

"तुझं बरोबर होतं," मी म्हणालो. "मला तेव्हाच कळलं होतं."

"मला माहीत आहे तुला कळलं होतं," ती म्हणाली. "म्हणूनच राग आला." मग पदर खोचून उठली.

इंजिन पुन्हा उघडलं. तिसऱ्या पिस्टनच्या दोन रिंगा तुटल्या होत्या आणि सिलिंडरच्या भिंतीवर नखाला लागेल न लागेल असा ओरखडा होता. शकूर मिस्त्रींनी पुन्हा बोट फिरवलं. "बच गए," ते म्हणाले. "मैंने कहा था ना, नीचे बिठाके नापना."

फ्रीगंजातल्या दुकानदाराकडून मी तोच स्टँडर्ड संच परत आणला. त्यानं नुसता डबा पुढे सरकवला.

या वेळी मोजमाप सुलूकडे. तिनं पहिली रिंग तळाशी नेली, जिथे भिंत झिजलेली नव्हती. सहा थाऊ. दोन थाऊ घासायचे. आणि वर? वर वीस. "चौदा थाऊचा फरक," ती म्हणाली, "म्हणजे भिंत साडेचार थाऊ झिजलीय. एवढं चालतं. वर थोडा जोर निसटेल, निसटू दे. खाली अडकायला नको." बारा रिंगांसाठी तिनं वहीतला एक कागद फाडून बारा चौकोन आखले. प्रत्येक रिंग ज्या सिलिंडरची, तिथेच मोजायची, तिथेच घालायची. कानस एकाच दिशेनं, आतल्या बाजूला, आणि कानशीचे चार हात मारले की लगेच मोजायचं.

मला ते झेपेना. तिसऱ्या रिंगेला मी म्हणालो, "आता सगळ्या सारख्याच असतील."

"नसतील."

होत्या वेगवेगळ्या. एकीला घासावंच लागलं नाही, एकीला तीन थाऊ. मी उठून फेरी मारून यायचो तेव्हा ती तिथेच वाकलेली असायची, आणि मी आलो की पुढची रिंग माझ्या हातात द्यायची. असे पाच दिवस गेले. शेवटी रिंगांच्या फटी एकीखाली एक येणार नाहीत अशा फिरवून ठेवल्या आणि पिस्टन उतरवले. हँडल सुलूनं फिरवलं. एका हातानं फिरलं.

पाच दिवस आम्ही रोज थोडी थोडी गाडी चालवली, हळू, मक्सीच्या रस्त्यानं. सुरुवातीला थोडा धूर यायचा, मग तो पण कमी झाला. सुलूला गाडी येत होती. भय्यासाहेबांनी तिला मॅट्रिकनंतर दसरा मैदानावर शिकवली होती आणि मग कुणी तिच्या हातात दिली नव्हती. ती वळणावर आधीच वेग कमी करायची, इंजिनाचा आवाज ऐकत चालवायची.

गाडी तिला द्यायची, हे मला लगेच सुचलं असं म्हणालो तर खोटं होईल. दोन दिवस मी स्वतःशी भांडलो. भोपाळला, नव्या साहेबांच्या समोर, स्वतःच्या गाडीतून उतरायचं माझ्या डोळ्यांसमोर होतं. अहल्यानं एकदाच विचारलं, "भोपाळला तुम्ही ती ठेवणार कुठे? आपल्यालाच छप्पर मिळेल की नाही माहीत नाही." ते खरंच होतं. पण मी दिली ती त्यासाठी नाही. सुलूला शाजापुरला आपल्या शाळेबरोबर आसपासच्या बारा गावच्या शाळाही बघायच्या होत्या, आणि भय्यासाहेबांना बसचे धक्के सोसवत नव्हते. मी किल्ली तिच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर निघून गेलो. परत आलो तेव्हा तिनं ती कुठे तरी ठेवून दिली होती. तिचे डोळे लाल होते.

सत्तावीस तारखेला ते दोघं निघाले. मागे ट्रंक, स्टोव्ह, भय्यासाहेबांचा पितळी तांब्या. भय्यासाहेबांनी मला खाली वाकवून डोक्यावर हात ठेवला, जरा जास्तच वेळ. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी रिकाम्या शेडमध्ये जाऊन उगाच झाडू मारला.

तीस तारखेला आम्ही रेल्वेनं भोपाळला पोचलो. दिवाळी तोंडावर होती. आम्हाला एका बराकीतली अर्धी खोली मिळाली, मध्ये पडदा, पलीकडे रायपूरकडून आलेलं कुटुंब. ऑफिसात टेबलं कमी आणि माणसं जास्त. मी चार महिने खिडकीच्या कठड्यावर बोर्ड ठेवून नकाशे काढले. तिथेही याद्या लागायच्या. लोक पळायचे, मीही पळायचो. पण कधी कधी, पळता पळता, मी थांबून अहल्याला विचारायला शिकलो. तुला काय वाटतं, म्हणून. पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती दचकलीच होती.

संक्रांतीला आम्ही बसनं शाजापुरला गेलो. घर लहान, नदीच्या काठाशी. भय्यासाहेब स्वयंपाकघरात उकिडवे बसून वरणाला फोडणी देत होते, कोटाच्या बाह्या वर सारून. त्यांना तसं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"सुलू कुठे?"

"दोन गावं करून येईल. बसा, भूक लागली असेल. आणि जरा मीठ चाखून सांगा कोणी तरी, मला अंदाज येत नाही."

अहल्यानं चाखलं, आणि म्हणाली, कमी आहे.